नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या स्थानांच्या नावांनी मोजली तर तिचा पहिला १ ‘मध्य’ स्थानी पडतो, परार्धाच्या एकच घर अलीकडे. नऊ एक ओळीनं लिहून तयार होणाऱ्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग. एकापासून नवापर्यंत चढत जायचं आणि तसंच उतरायचं.

अशा संख्या पाहून काहींचे डोळे चमकतात. काही जण मात्र, आणि त्यांत गणितात मुरलेलेच जास्त, खांदे उडवतात. हा वाद जुना आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण मुलांच्या हाती गणित कोणत्या वाटेनं द्यायचं, हे त्यावर ठरतं. म्हणून दोघांना बोलतं केलं आहे. आत्या डोंबिवलीच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. भाचा नंबर थिअरीत पीएचडी करणारा. दोघंही कल्पित आहेत. त्यांच्या तोंडचे आकडे मात्र कुणीही वही घेऊन तपासावेत.

भाचा : आत्या, संख्या सुंदर दिसते यात वाद नाही. पण याला गणित म्हणायचं का? माणसाला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो, आणि म्हणून ती अशी दिसते. आठाच्या पटीत मोजत असतो तर हीच संख्या ओबडधोबड दिसली असती. लिहिण्याची पद्धत बदलली तरी जो बदलत नाही, तोच संख्येचा खरा गुण. ती मूळ आहे का, तिचे अवयव कोणते, ती पूर्ण वर्ग आहे का, हे प्रश्न खरे. बाकी सगळं तिच्या कपड्यांबद्दल बोलणं झालं.

आत्या : ती पूर्ण वर्ग आहे हा गुण खरा ना? मग मला तो कळला कशावरून? कपड्यांवरूनच. सतरा अंकी संख्या कुणी समोर टाकली तर वर्गमूळ काढायला अर्धा तास जाईल. ही मी नुसती पाहिली आणि सांगितलं.

भाचा : तुझ्या आधी गणितज्ञ हार्डी यावर बोलून गेलाय. ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’, १९४०. त्यात तो चार अंकी संख्यांचं उदाहरण देतो. स्वतःच्या उलट्या रूपाच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या दोनच. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट आणि ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. त्याचं म्हणणं असं, की ही माहिती कोड्यांच्या सदरात शोभेल, हौशी लोकांची करमणूक करेल, पण गणितज्ञाला ओढून घेईल असं यात काही नाही.

आत्या : हार्डी फार मोठा माणूस. पण इथं तो थांबला, आणि थांबायला नको होतं असं मला वाटतं. कागद घे. १०८९ चा पाढा लिही.

भाचा : १०८९, २१७८, ३२६७, ४३५६, ५४४५, ६५३४, ७६२३, ८७१२, ९८०१.

आत्या : आता पहिली आणि शेवटची शेजारी ठेव. दुसरी आणि शेवटून दुसरी. तिसरी आणि ७६२३.

भाचा : एकमेकींच्या उलट्या आहेत.

आत्या : सगळ्या. मधली ५४४५ स्वतःचीच उलटी. म्हणजे १०८९ ला एखाद्या अंकानं गुण, आणि दहातून तो अंक वजा करून उरेल त्यानं गुण. उत्तरं एकमेकांची उलटी येतात. आता एक उत्तर दुसऱ्याच्या पूर्ण पटीत कधी असेल? एक आणि नऊ, म्हणजे नऊपट. दोन आणि आठ, म्हणजे चौपट. तीनानं सात भागले जात नाहीत, चारानं सहा जात नाहीत. झाल्या हार्डीच्या दोन संख्या. त्या कुठून तरी आकाशातून पडलेल्या नाहीत, एकाच पाढ्यातल्या आहेत.

भाचा : पाढ्याबाहेर तिसरी नाही, हे यातून सिद्ध होत नाही.

आत्या : नाही होत. ते तू कर. पण आता त्यात तुला ओढून घेईल असं काही आहे की नाही?

भाचा : १०८९ म्हणजे ११०० वजा ११. त्यामुळे पाढ्यात प्रत्येक वेळी... हो, आहे. आहे काहीतरी.

(हार्डीवर माझी श्रद्धा आहे, तरी या एका परिच्छेदात तो घाईनं बोलला असं मलाही वाटतं. एखादी गोष्ट सुटी दिसते तेव्हा ती खरंच सुटी असेल, किंवा तिची नाती अजून कुणी शोधली नसतील. नुसतं पाहून यांतलं कोणतं खरं, हे ठरवता येत नाही.)

भाचा : ठीक. पण या छंदाला इतकं मोठं करू नकोस. शेवटी ही हौस.

आत्या : हौस जुनी आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात १२३४५६५४३२१ ही संख्या आहे. तिची ओळख ते अशी करून देतात, की एकापासून सुरू होऊन सहापर्यंत वाढते आणि मग त्याच क्रमानं उतरते. ज्या गुणाकारांची उत्तरं अशी डौलदार येतात त्यांना ते गळ्यातला हार म्हणतात. २७९९४६८१ गुणिले ४४१ केलं की हीच संख्या येते. १५२२०७ ला ७३ नं गुणलं की आठ एक ओळीनं. आठव्या-नवव्या शतकात वेरूळची लेणी खोदणारी ही राजवट, आणि तिच्याच आश्रयानं कुणीतरी आकड्यांचे हार गुंफत होतं. आता मला सांग, २७९९४६८१ हा आकडा कुणाला सहज सुचेल?

भाचा : (थोडा वेळ कागदावर) सहज नाही सुचत. तो ५२९१ चा वर्ग आहे, आणि ४४१ हा २१ चा. ५२९१ गुणिले २१ म्हणजे ११११११. म्हणजे सहा एकांचे अवयव आधी माहीत असले पाहिजेत.

आत्या : मग त्यांना ते माहीत होते. हार गुंफायचा तर अवयव पाडता यायला हवेत. तुझं खरं गणित त्या हाराच्या दोऱ्यातच होतं.

आणि डोंबिवलीची गोष्ट तर मी प्रत्येक वर्गाला सांगायचे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पुढं १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत मास्तर. पदवीच्या पुढचं शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. बी.एस्सी. एवढ्या शिदोरीवर आयुष्यभर संख्यांचा अभ्यास. जीआयपी रेल्वेवरच्या डेम्लो स्टेशनात, म्हणजे आताच्या आपल्या डोंबिवलीत, त्यांना काही संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्यांचं नाव डेम्लो संख्या ठेवलं. १६५ बघ. एक आणि पाच मिळून सहा, तो मध्ये. २५५३. दोन आणि तीन मिळून पाच, मध्ये तो दोनदा. ४७७७३ मध्ये सात तीनदा. आणि ओळीनं लिहिलेल्या एकांचे वर्ग, १२१, १२३२१ पासून आपल्या सतरा अंकी संख्येपर्यंत, या त्यांच्या अद्भुत डेम्लो संख्या.

भाचा : कापरेकर मला माहीत आहेत. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक कोणाला माहीत नाही? पण त्यांच्या हयातीत इथल्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही, आणि त्यामागं काही कारण होतं. मार्टिन गार्डनरनं १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या त्याच्या सदरात लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. तेही सदर मनोरंजक गणिताचं.

आत्या : कारण होतं म्हणतोस, ते कोणतं?

भाचा : सिद्धता. हजार गमती शोधता येतात. पण ‘असं का’ याचं उत्तर नसेल तर तो नुसता संग्रह.

आत्या : मग आपल्या संख्येला विचारू, असं का. तू सांगू नकोस, मी सांगते, कारण हे मी पाचवीच्या मुलांकडून काढून घेतलंय. शाळेत शिकवतात तसा गुणाकार मांड. १११११११११ ला एकानं गुणायचं म्हणजे तीच ओळ. ती नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडं सरकवून. आता उभ्या बेरजा कर. उजवीकडच्या टोकाला एकच १. त्याच्या डावीकडं दोन. मग तीन. मधल्या उभ्या ओळीत नऊच्या नऊ १ येतात, आणि पुढं पुन्हा आठ, सात, सहा. कुठंही बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. आणि हातचा नाही म्हणून चित्र स्वच्छ.

भाचा : ही सिद्धता आहे. पूर्ण सिद्धता.

आत्या : मग पाचवीच्या मुलांनी ती दिली. आता पुढचं. हातचा नसल्याचा आणखी एक फायदा होतो. नऊ एकांची अंकबेरीज नऊ. तिचा वर्ग ८१. आणि आपल्या संख्येची अंकबेरीज?

भाचा : पंचेचाळीस अधिक छत्तीस. एक्याऐंशी. बरोबर, हातचा नसेल तर अंकबेरजांचाही गुणाकार होतो. हातचा आला की प्रत्येक हातच्यामागं अंकबेरीज नवानं घटते.

आत्या : आता संख्येला तिच्याच अंकबेरजेनं गुण. म्हणजे ८१ नं.

भाचा : नऊ एकांचा वर्ग गुणिले नवाचा वर्ग, म्हणजे नऊ नवांचा वर्ग. ९९९९९९९९८००००००००१.

आत्या : मधोमध तोड आणि बेरीज कर. ९९९९९९९९८ आणि एक. पुन्हा नऊ नऊ. ही झाली कापरेकर संख्या, ४५ सारखीच. ४५ चा वर्ग २०२५, वीस आणि पंचवीस पंचेचाळीस. आमच्या मास्तरांच्या दोन शोधांमध्ये फक्त ८१ चा गुणाकार आहे.

भाचा : हे मी कधी पाहिलं नव्हतं. पण खरी मजा तू अजून काढली नाहीस. दहा एकांचा वर्ग कर.

आत्या : तिथं मोडतं. मी मुलांना तिथं थांबवायचे.

भाचा : तिथंच थांबवायला नको होतं! मोडतं कसं ते बघ. उभ्या बेरजा एकापासून दहापर्यंत चढतात. दहाचं शून्य लिहायचं, हातचा एक. डावीकडच्या नवात तो मिळाला, झाले दहा. पुन्हा शून्य, हातचा एक. तो आठात गेला, आठाचे नऊ झाले. नऊ स्वतः थांबतो, पुढं हातचा नाही. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी बाजू तशीच्या तशी. डाव्या बाजूला काय दिसतं?

आत्या : एक ते सात, मग नऊ. आठ नाही. थांब. १२३४५६७९ मला पाठ आहे. त्याला नवानं गुणलं की नऊ एक येतात. तिथंही आठ नसतो. मुलं दर वर्षी विचारायची, बाई, आठ कुठं गेला?

भाचा : तू काय सांगायचीस?

आत्या : करून बघा म्हणायचे. गुणाकार तपासला की बरोबर येतो. ‘का’ मला सांगता यायचं नाही.

भाचा : आता येईल. एक भागिले नऊ म्हणजे दशांश चिन्हानंतर न संपणारे एक. त्याचा वर्ग एक भागिले एक्याऐंशी. न संपणाऱ्या एकांचा वर्ग करायचा तर उभ्या बेरजा एक, दोन, तीन, अशा चढतच जातात, उतरत नाहीत. नवानंतर दहा येतो. दहाचा हातचा नवात, नवाचे दहा होऊन हातचा आठात, आठाचे नऊ. आठ कुठं गेला? दहाच्या हातच्यानं त्याचा नऊ केला. म्हणून एक भागिले एक्याऐंशी म्हणजे ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असं पुन्हा पुन्हा. दहा एकांच्या वर्गात मोडलेलं चित्र आणि तुझ्या मुलांचा हरवलेला आठ, हातचा एकच आहे.

आत्या : इतकी वर्षं हे दोन मी वेगवेगळ्या तासांना शिकवले.

भाचा : आणि मी दोन्हीकडं कधी पाहिलंच नसतं. मला एक भागिले एक्याऐंशीची श्रेणी माहीत होती. आठ हरवतो ही तक्रार माझ्यापर्यंत आली नव्हती.

(चित्र मोडतं तिथं शिक्षक सहसा पुढच्या उदाहरणाकडं वळतात, कारण वर्गात वेळ नसतो. मला विचाराल तर या सतरा अंकी संख्येतलं सगळ्यात शिकण्याजोगं तिच्या पुढच्या पायरीवर आहे. हातचा काय करतो हे पहिलीपासून सांगितलं जातं. तो एका जागचा अंक दुसऱ्या जागी कसा पोचवतो आणि एखादा अंक पुसूनच कसा टाकतो, हे इतकं लख्ख दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.)

आत्या : तुझ्या पहिल्या आक्षेपाकडं येऊ. दहा बोटं.

भाचा : त्याबद्दल मला थोडं मागं यावं लागेल. मी म्हणालो होतो की दुसऱ्या पद्धतीत ही संख्या ओबडधोबड दिसेल. ते खरं आहे. पण प्रश्न उलटा विचारला तर? अंकांची ओळ तीच ठेवायची आणि पाया बदलायचा. १२१ घे. दहाच्या पद्धतीत तो अकराचा वर्ग. बाराच्या पद्धतीत वाचला तर १४४ अधिक २४ अधिक १, म्हणजे १६९, तेराचा वर्ग. आठाच्या पद्धतीत ६४ अधिक १६ अधिक १, म्हणजे ८१, नवाचा वर्ग.

आत्या : सगळीकडं वर्गच?

भाचा : सगळीकडं. कारण तुझ्या उभ्या बेरजांना पाया किती आहे याच्याशी देणंघेणं नाही, हातचा येत नाही तोवर. त्यामुळे १२३४५६७८९८७६५४३२१ ही ओळ दहाच्या, बाराच्या, सोळाच्या, साठच्या, हजाराच्या, दहापासून पुढच्या कोणत्याही पायात वाचली तरी पूर्ण वर्ग आहे, आणि वर्गमूळ म्हणजे त्या पायातले नऊ एक. दहाचा पाया फक्त इतकंच ठरवतो, की चित्र कुठं मोडणार. आठाच्या पायात सात एकांपर्यंत टिकेल, आठाला मोडेल. दोनाच्या पायात दोन एकांनाच मोडतं.

आत्या : मग कपडे म्हणालास, ते कोणाचे होते?

भाचा : माझा तो शब्द मागं घेतो. निदान या संख्येपुरता.

आत्या : अवयव सांग आता. तुझ्या खऱ्या प्रश्नांपैकी तो दुसरा.

भाचा : नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाड. १११ १११ १११. म्हणजे १११ गुणिले १००१००१. हेही प्रत्येक पायात खरं, त्यामुळे नऊ एकांची संख्या कोणत्याच पायात मूळ असू शकत नाही. एकांची गणती संयुक्त असेल तर संख्या संयुक्त. पुढचं मात्र दहाचं खास. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७, आणि ३३३६६७ मूळ. तेव्हा आपली संख्या म्हणजे तीनाचा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. विभाजक पंचेचाळीस. गणती विषम, कारण वर्ग.

आत्या : ३३३६६७. हा कुणाचा कोण?

भाचा : त्याची एक गोष्ट मला फार आवडते. एकाला दोन आणि पाच सोडून एखाद्या मूळ संख्येनं भागलं की दशांश अंक ठरावीक लांबीनं पुन्हा येतात. सातानं भागलं की सहा अंकांनी, ३७ नं भागलं की तीन अंकांनी. बरोबर नऊ अंकांनी पुन्हा येणारी मूळ संख्या किती असतील? एकच. ३३३६६७. सगळ्या अनंत मूळ संख्यांमध्ये एकच. कारण तशी संख्या नऊ नवांची विभाजक असावी लागते, आणि नऊ नवांचे मूळ अवयव तीनच. ३, ३७ आणि ही. तीनाचा दशांश एका अंकानं फिरतो, ३७ चा तीन अंकांनी.

आत्या : आता तू एकट्या संख्येबद्दल बोलतोयस, बरं का. सिद्धांताबद्दल नाही.

भाचा : सिद्धांत होता म्हणून ती सापडली.

आत्या : मान्य. आणखी एक विचारते. नऊ एक मूळ नाहीत. मग किती एकांची संख्या मूळ असते?

भाचा : दोन एकांची, ११. तीनाची नाही, पाचाची ४१ गुणिले २७१, सातांची २३९ गुणिले ४६४९. मग एकदम १९ एकांची मूळ. २३ एकांची मूळ. त्यानंतर थेट ३१७. ते ह्यू विल्यम्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलं. १०३१ एकांचं त्यांनी आणि हार्वी डबनर यांनी १९८६ मध्ये. त्याच्या पुढची ४९०८१ एकांची, ती मूळ असल्याची सिद्धता २०२२ ची.

आत्या : आणि अशा अनंत आहेत का?

भाचा : कुणालाच माहीत नाही. बहुतेकांना तसं वाटतं, पण सिद्धता नाही. आणि हा प्रश्न क्षुल्लक आहे असं मी म्हणू शकत नाही, कारण पाया दोन घेतला की हाच प्रश्न मर्सेन संख्यांचा होतो. दोनाच्या पद्धतीत ओळीनं एक लिहिले की दोनाचा घात वजा एक. आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या २०२४ च्या ऑक्टोबरात सापडली. दोनाच्या पद्धतीत ती म्हणजे ओळीनं १३,६२,७९,८४१ एक. दहाच्या पद्धतीत लिहायची तर ४,१०,२४,३२० अंक लागतात.

आत्या : म्हणजे कापरेकर मास्तर दहाच्या पायात जी ओळ घेऊन बसले होते, ती घेऊन तुझे लोक दोनाच्या पायात संगणक लावून बसलेत.

भाचा : ओळ तीच. मास्तर वर्ग करत होते आणि आम्ही अवयव पाडतोय, एवढा फरक आहे. अवयव पाडण्यावरून सांगतो. मर्सेननं १६४४ मध्ये अशा मूळ संख्यांची यादी दिली, तिच्यात दोनाच्या पायातल्या ६७ एकांची संख्या मूळ म्हणून घातली. १८७६ मध्ये ल्युकानं दाखवलं की ती मूळ नाही. पण अवयव कोणते, हे त्याला सांगता आलं नाही. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला. असं सांगतात, की तो एक शब्द बोलला नाही. एका बाजूला त्यानं दोनाचा ६७ वा घात काढून एक वजा केला. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हातानं केलं. दोन्ही उत्तरं सारखी. जागेवर येऊन बसला.

आत्या : एका संख्येसाठी?

भाचा : एका संख्येसाठी.

आत्या : आणि हार्डीचं त्याबद्दल काय म्हणणं असेल?

भाचा : अवयव पाडण्याची पद्धत महत्त्वाची, असं म्हणेल. मीही तेच म्हणेन. पण पद्धत घासून धारदार करायला समोर एक हट्टी संख्या लागते, हे मला नाकारता येत नाही.

आत्या : आता माझ्याकडं तुझ्यासाठी एक हट्टी आहे. आपल्या ओळीत दहा एकांच्या वर्गाला हातच्यानं मोडलं. समजा हातचा घेतलाच नाही. नवाच्या नंतर सरळ दहा लिहिला आणि मग उतरले. १२३४५६७८९१०९८७६५४३२१. वीस अंकी.

भाचा : हे गणित नाही ग. तू दहाचे दोन अंक एका घरात कोंबतेयस. कोणत्याही पायात याला... पण थांब, ही संख्या मी पाहिली आहे. ती मूळ आहे.

आत्या : मूळ! १, १२१, १२३२१ पासून सतरा अंकांपर्यंत सगळ्या वर्ग, म्हणजे मूळ असण्यापासून जितकं लांब जाता येईल तितक्या लांब. आणि पुढची पायरी चुकीच्या पद्धतीनं लिहिली तर मूळ. का?

भाचा : कारण नाही. वीस अंकी संख्यांमध्ये साधारण सेहेचाळीसात एक मूळ असते. तीनानं जात नाही, दोन-पाचानं जात नाही हे शेवटच्या अंकावरून आणि अंकबेरजेवरून दिसतं, त्यामुळे शक्यता आणखी वाढते. तेवढंच.

आत्या : तू मघाशी ८७१२ बद्दलही असंच म्हणत होतास.

भाचा : तिथं पाढा होता. इथं मला काही दिसत नाही. मनापासून सांगतो, इथं ‘का’चं उत्तर ‘योगायोग’ हेच असावं. प्रत्येक सुंदर गोष्टीमागं रचना असते असं मानलं तर आपण आकडेज्योतिषाकडं वळू, आणि ते मला चालणार नाही.

आत्या : मलाही नाही चालणार. शाळेत शुभ-अशुभ आकड्यांचं कुणी काढलं की मी त्याला फळ्यापाशी बोलावून अवयव पाडायला लावायचे. पण योगायोग आहे हे ठरवायच्या आधी पाढा लिहून बघायला हवा, एवढं तरी मान्य कर.

भाचा : मान्य. चल, पाढा लिहू. नऊ एक वेगवेगळ्या पायांत घेऊ. प्रत्येक पायात निदान दोन अवयव असणारच, १११ आणि १००१००१. ते दोन्ही मूळ कुठं निघतात?

आत्या : दोनाच्या पायात?

भाचा : १११ म्हणजे सात. १००१००१ म्हणजे ६४ अधिक ८ अधिक १, त्र्याहत्तर. दोन्ही मूळ. गुणाकार ५११.

आत्या : तीनाच्या पायात मी करते. १११ म्हणजे नऊ, तीन, एक, तेरा. मूळ. दुसरा ७२९ अधिक २७ अधिक १, सातशे सत्तावन्न. याला तपासायला हवं. दोन, तीन, पाच नाही. सातानं एक उरतो. अकरानं नऊ. तेरानं तीन. सतरानं नऊ. एकोणीसनं सोळा. तेवीसनं एकवीस.

भाचा : पुढची मूळ संख्या २९, तिचा वर्ग ८४१.

आत्या : तेव्हा थांबायचं. मूळ आहे. तेरा गुणिले सातशे सत्तावन्न. आता चार.

भाचा : चार मी करतो. १११ म्हणजे १६, ४, १...

आत्या : चारात नाही होणार. चाराला तीनानं भागलं की एक उरतो, म्हणून चाराच्या कोणत्याही घातालाही एकच उरतो, आणि तीन एक मिळून तीन. दोन्ही अवयवांना तीनानं भाग जाणार. दहाच्या पायातही म्हणूनच दोन्हींमध्ये तीन होता. सातातही तेच होईल. पाच घे.